हेडबाईंचा कॉम्प्युटर बंद होत नाही

अशी कल्पना करा की तुमचं दिवसभराचं काम संपलंय. पाठ आखडलीय, डोळे चुरचुरतायत, रिकामा डबा पिशवीत गेलाय. तुम्ही कॉम्प्युटरला सांगता, बंद हो. पडद्यावर 'बंद होत आहे' अशी अक्षरं येतात, ठिपक्यांचं चक्र गोल गोल फिरतं आणि पडदा काळा होतो. तुम्ही पिशवी खांद्याला लावता. तेवढ्यात टेबलाखालून आवाज येतो, घुंऽऽ. सीपीयूतला पंखा फिरतोच आहे. पुढचा हिरवा दिवा जळतोच आहे. पडदा मेलाय आणि पेटी जिवंत आहे. तुम्ही खाली वाकून बघता, उठता, परत बसता. आता काय कराल?

"बटण दाबून धरायचं की," असं तुम्ही म्हणाल. नाहीतर म्हणाल, "प्लग उपटा." सगळे हेच म्हणतात. हे एकदा हेडबाईंना सांगून बघा.

हेडबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे हे उघडच आहे. त्या कुठल्या शाळेत हेडही नव्हत्या. खाली टायरचं दुकान आणि वर भरतकामाचा कारखाना अशा एका इमारतीत त्या डिझाइनच्या टेबलावर बसतात. शाळांचे बिल्ले, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, खेळाडूंच्या जर्सीवरची चिन्हं असं काम तिथे चालतं. लांबलचक मशीन आहे, त्याला सहा डोकी, प्रत्येक डोक्याला सुयांची रांग. कॉम्प्युटरवरून डिझाइन सोडलं की सहाही डोकी एकदम टकटकटक सुरू होतात आणि खालच्या टायरवाल्याच्या चहाच्या कपात लाटा उठतात. कोणी उशिरा आलं, कोणी दोऱ्याची रिळं चुकीच्या खणात ठेवली, कोणी कैची जमिनीवर टाकली की टेबलामागून आवाज येतो, "हा काय प्रकार आहे?" त्यावरून नाव पडलं. मालकसुद्धा त्यांच्यामागे हेडबाईच म्हणतात. तोंडावर मात्र नुसतं 'बाई'.

या टेबलापर्यंत त्या सरळ आलेल्या नाहीत. आधी त्या खिडकीखालच्या पाटावर बसून दोरे कापायच्या. मशीनमधून निघालेल्या बिल्ल्याच्या मागची लोंबती शेपटं कापायची, दिवसभर, मान खाली घालून. तेव्हाचा डिझाइनवाला पोरगा रजेवर गेला की काम अडायचं. एकदा असंच अडलं आणि बाई उठून म्हणाल्या, "मी बघते." सगळे हसले. मालकांचे थोरले भाऊ तेव्हा धंद्यात होते. ते म्हणाले, "बाई, ते शिलाई मशीन नाही, बिघडवून ठेवाल." बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसल्या. वर्षभर त्या पोराच्या पाठीमागून त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. पाकळी भरायची तर टाके कुठल्या दिशेने पडले पाहिजेत, अक्षराला कोपरा आला की टाके कुठे विरळ करायचे, नाहीतर कापड कसं आक्रसतं, हे त्यांना हातातल्या बिल्ल्यांवरून कळतच होतं. राहिलं होतं ते फक्त माउस धरणं. तेही दोन दिवसांत जमलं. पोरगा पुढे दुसरीकडे गेला आणि खुर्ची बाईंकडे राहिली. पाटावर आता एक मावशी बसतात, बाईंपेक्षा वयाने मोठ्या, कानाने थोड्या कमी आणि जिभेने जास्त.

तर हे सगळं सुरू झालं कॉम्प्युटरच्या सिस्टिमच्या अपग्रेडवरून. कॉम्प्युटरवर कित्येक महिने एक खिडकी उघडत होती: नवी आवृत्ती तयार आहे, आत्ता घ्यायची की नंतर? मालकांनी बजावलं होतं, "बाई, त्याला हात लावायचा नाही. चालतंय ना? मग चालू दे." पण गिऱ्हाइकं पाठवतात त्यातली निम्मी चित्रं जुन्या आवृत्तीत उघडेनाशी झाली होती. बाई रोज कोणाला ना कोणाला फोन करून "दुसऱ्या प्रकारात पाठवा हो" म्हणून विनवण्या करत होत्या. विनवणी हा त्यांचा स्वभाव नाही. एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना त्यांनी 'आत्ता' दाबलं.

चित्रं उघडायला लागली आणि संध्याकाळी कॉम्प्युटर बंद होईना.

"मी काय सांगितलं होतं?" मालक म्हणाले.

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"मग?"

"मग लावला. चित्रं उघडतायत की नाही ते बघा आधी."

"उघडतायत हो, पण मिटत नाहीये ना आता! दाबून धरा बटण."

"नाही."

आता इथे कारखान्याची पद्धत सांगितली पाहिजे. ही पद्धत बाईंनीच बसवलेली. संध्याकाळी आधी भरतकामाचं मशीन बंद करायचं. मग कॉम्प्युटर. सीपीयूचा हिरवा दिवा विझला की मग भिंतीवरचा मेन स्विच ओढायचा. क्रम बदलायचा नाही. मालकांनी एकदा घाईत, कॉम्प्युटर मिटत असतानाच मेन ओढला होता. दुसऱ्या दिवशी तो उघडला तेव्हा आठवडाभराची डिझाइनं गेलेली होती आणि बाईंनी ती दात-ओठ खात पुन्हा केली होती. तेव्हापासून दिवा विझेपर्यंत स्विचला कोणाचा हात लागला की बाई त्या हाताकडे अशा बघायच्या की हात आपोआप खाली यायचा. आणि आता दिवा विझतच नव्हता. आपल्याच नियमात त्या अडकल्या होत्या, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"हेडबाई, आज इथेच मुक्काम का?" मावशींनी विचारलं. "अंथरूण आणू?"

"तुमच्या तोंडाला पण एक बटण पाहिजे होतं मावशी."

शेवटी त्या दिवशी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. रात्रभर पंखा घुमत राहायचा, सकाळी पेटीला हात लावला तर चटका बसायचा. मालकांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी टेबलाशी खुर्ची ओढून बसले. ते खुर्ची ओढून बसले की काहीतरी वाईट असतं, हे बाईंना ठाऊक होतं.

"मशीनच्या कंपनीशी बोललोय. ते नवा कॉम्प्युटर भाड्याने देतात. त्याच्याबरोबर त्यांचाच ऑपरेटर येतो, डिझाइनं तोच करतो. सोमवारपासून म्हणतायत."

"आणि मी?"

मालकांनी खिडकीखालच्या पाटाकडे बघितलं. तोंडाने बोलले असते तर बाईंना कमी राग आला असता.

"त्या पाटावरून मी एकदा उठलेय," बाई म्हणाल्या. "परत बसायची नाही."

"अहो, पगार तोच राहील."

"पगाराचं विचारलं का मी? शनिवारपर्यंत हा बंद करून दाखवला तर?"

"तर कशाला बोलावतोय मी त्यांना? पण करणार कसं?"

"ते माझं मी बघते."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण कसं ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बस चालवतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आमची गाडी अशी बंद व्हायची नाही तेव्हा आम्ही गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचो. गचका खाऊन बंद व्हायची."

"अहो, ह्याला क्लच नसतो."

"मग अवघड आहे," असं म्हणून तो झोपला.

मालकांचा पुतण्या कॉम्प्युटर शिकलेला. मालकांनीच त्याला एका संध्याकाळी, कारखाना आवरल्यावर पाठवलं, बहुधा सगळे प्रयत्न केले असं म्हणता यावं म्हणून. मुलगा नम्र होता. "काकू, मी बघू का?" असं विचारून बसला आणि बाईंनी खुर्ची दिली, पण स्वतः त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. त्याने एकेक सांगत काम केलं. नव्या आवृत्तीत कॉम्प्युटर बंद होताना पूर्ण बंद होत नाही, सकाळी पटकन उठता यावं म्हणून अर्धवट झोपतो. ती सोय त्याने काढून टाकली. नेटवरून कोणी जागं करू नये म्हणून तीही वाट बंद केली. पेटीच्या आतलं जुनं सॉफ्टवेअर नवं केलं. दर वेळी बंद करून बघायचं, दर वेळी पडदा काळा आणि दिवा हिरवा.

"घरी नेऊन बघतो," तो म्हणाला आणि पेटी खांद्यावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हसत परत आला. "काकू, झालं! घरी अगदी व्यवस्थित बंद झाला. तीनदा बघितलं."

जोडला. संध्याकाळ झाली. मशीन बंद केलं, कॉम्प्युटर बंद केला. घुंऽऽ.

मावशी पाटावरून म्हणाल्या, "पाव्हणा म्हणून गेला की शहाण्यासारखा वागतो. आमचा नातू पण तसाच."

सगळे हसले, पुतण्याही हसला. बाई हसल्या नाहीत. त्या पेटीच्या मागे जाऊन बसल्या आणि एकेका वायरीला बोट लावू लागल्या. "ही तुझ्या घरी होती?"

"मॉनिटर? हो."

"ही?"

"कीबोर्ड. हो."

"ही?"

ती जाड करडी केबल भरतकामाच्या मशीनकडे जात होती. पुतण्या खाली वाकला. त्याने ती काढली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून बंद केला. पंखा थांबला आणि दिवा विझला. खोलीत अशी शांतता झाली की खालच्या दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरतंय तेही ऐकू आलं.

"म्हणजे केबल रोज काढायची," मालक लगेच म्हणाले.

"तिचं टोक बघा. रोज काढली-घातली तर महिन्यात तुटेल," बाई म्हणाल्या. "आणि ती केबल काय काम करते, रे?"

पुतण्याने दुसऱ्या दिवशी सगळं शोधून येऊन समजावलं. कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम सतत मशीनशी बोलत असतो. कॉम्प्युटर मिटताना तो मशीनला विचारतो, तुझं झालं का? मशीनने 'झालं' म्हटलं की तो निघतो, आणि तो निघाला की कॉम्प्युटर बंद होतो. केबलच नसली तर तो विचारत नाही, लगेच निघतो. जुन्या आवृत्तीत उत्तर आलं नाही तर कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघून त्याला हाताला धरून बाहेर काढायचा. नवी आवृत्ती काढत नाही, वाट बघत बसते. प्रोग्रॅम जुना आहे, कंपनीने नवा केलेला नाही. त्याने कंपनीला विचारलंही होतं. ते म्हणाले, नवा कॉम्प्युटर घ्या.

"पण मशीन उत्तर का देत नाही?" बाईंनी विचारलं.

"तेच कळत नाहीये."

कळलं ते शनिवारी दुपारी, आणि तेही वैतागून. एक डिझाइन सारखं अडकत होतं म्हणून बाईंनी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. मनाची तयारी करूनच केला, की आता अडकणार आणि आपली अब्रू जाणार. तो सुरळीत बंद झाला, पुन्हा उठला, जणू काही कधी बिघडलाच नव्हता. केबल तर जागच्या जागी होती. बाई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग मान वळवून मशीनकडे बघितलं. दुपार होती. सहाही डोक्यांवरचे दिवे लागलेले होते.

त्यांनी पुतण्याला फोन लावला. "अरे, मशीन उत्तर देणार कुठून? संध्याकाळी आपण आधी त्यालाच बंद करतो! मग कॉम्प्युटर विचारतो, झालं का. मेलेल्याला विचारतोय तो!"

"काकू... तुम्ही मशीन रोजच आधी बंद करता?"

"मग काय! आमची पद्धत आहे."

"सगळीकडे कॉम्प्युटर आधी बंद करतात. तुम्ही माझ्यासमोर मशीन बंद केलंत आणि मी विचारलंच नाही. आलो, आलो."

तो येईपर्यंत मालकांना बातमी लागली होती. त्यांचा चेहरा खुलला. "बघा, किती सोपं! क्रम उलटा करायचा. आधी कॉम्प्युटर, मग मशीन. सुटला प्रश्न. कंपनीला कळवतो, नको म्हणून."

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. खुर्ची वाचली होती. बाई म्हणाल्या, "नाही."

"आता काय नाही?"

"क्रम उलटा करायचा नाही."

"अहो बाई!"

बाई पाटाजवळ गेल्या आणि मावशींचा उजवा हात धरून वर केला. पहिल्या बोटाच्या नखातून आरपार गेलेली एक पांढरी खूण अजून दिसते. बंद व्हायच्या वेळी मावशी सुयांखालचा दोऱ्यांचा भुगा ब्रशने काढतात. पूर्वी तेव्हा मशीन चालू असायचं. एका संध्याकाळी कॉम्प्युटर मिटता मिटता त्याने काय संदेश सोडला कोण जाणे, पण तिसऱ्या डोक्याची सुई एकदाच, खटकन, खाली आली. बोट कापडासारखं टाचलं गेलं. त्या दिवसापासून बाईंनी मशीन आधी बंद करायला लावलं होतं. मालक त्या वेळी गावाला होते. त्यांना फक्त 'किरकोळ लागलं' असं कळलं होतं.

"तुमच्या कॉम्प्युटरचा दिवा विझावा म्हणून ह्यांचं बोट परत सुईखाली देऊ?" बाई म्हणाल्या. "देणार नाही. मग सोमवारी येऊ दे तुमचा ऑपरेटर. आणि मी पाटावर बसणार नाही, हेही तेव्हाच सांगितलंय. मी घरी जाईन."

"मी भुगा सकाळी काढीन की," मावशी हळूच म्हणाल्या.

"रात्रभर तेल पिऊन तो सुयांत चिकटतो. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. उगाच माझ्यासाठी काही बोलू नका."

मालक कपाळ चोळत उभे राहिले. ते वाईट नव्हते. बोटाकडे बघत होते. पुतण्या तेवढ्यात जिना चढून आला होता, दारातूनच सगळं ऐकत होता. तो मशीनभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "काकू, हे लाल बटण कधी वापरता?"

मशीनच्या टोकाला मुठीएवढं लाल बटण होतं, संकटाच्या वेळी दाबायचं. त्यावर कोणीतरी जुनी टोपी अडकवून ठेवली होती.

"कधीच नाही. ते दाबलं की सगळं बंद पडतं."

"सगळं पडतं का? की नुसती मोटर?"

बाईंनी बटणाकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्या मशीनवर त्या हुकूम गाजवत होत्या त्याचं सगळ्यात मोठं बटण काय करतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "टोपी काढ," त्या म्हणाल्या.

दाबलं. ठक्क असा आवाज झाला. मोटर बंद पडली, पण मशीनवरचा छोटा पडदा चालूच राहिला. मशीनला शुद्ध होती, फक्त हात बांधलेले होते.

"आता मी सुईखाली ब्रश फिरवते," मावशी उठल्या.

"बसा खाली!" बाई कडाडल्या. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली, सुईखाली आडवी धरली आणि पुतण्याला म्हणाल्या, "डिझाइन सोड." त्याने सोडलं. सुई हलली नाही. मशीनच्या पडद्यावर 'थांबवले आहे' एवढंच आलं. "परत सोड." सहाही डोक्यांखाली त्यांनी पेन्सिल धरून बघितली. पेन्सिलीवर एकही ओरखडा उठला नाही. मग म्हणाल्या, "आता कॉम्प्युटर मिट. मी पेन्सिल काढत नाही."

पडद्यावर अक्षरं आली, ठिपक्यांचं चक्र फिरलं, पडदा काळा झाला. टेबलाखालचा पंखा हळू हळू होत थांबला आणि हिरवा दिवा विझला. पेन्सिल अख्खी होती.

"हं," मावशी म्हणाल्या, "झोपला एकदाचा."

मालकांनी खिशातून फोन काढला आणि कंपनीला सांगायला बाहेर गेले. परत येऊन म्हणाले, "सोमवारचं रद्द केलंय. पण बाई, कधीतरी नवा घ्यावाच लागेल."

"घ्या की. त्याच्यावरही मीच बसणार."

आता कारखान्याची पद्धत अशी आहे: लाल बटण, मग भुगा, मग कॉम्प्युटर, दिवा विझला की मशीन, आणि सगळ्यात शेवटी मेन. भुगा काढणाऱ्याने बटण स्वतःच्या हाताने दाबायचं, दुसऱ्याने दाबलं असं ऐकून हात घालायचा नाही. हे मावशींना मोठ्याने तीनदा म्हणून दाखवावं लागलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं हात जोडून म्हटलं.

एवढ्यावर दुसरं कोणी खूश झालं असतं. बाईंनी सोमवारी सकाळी, नवी आवृत्ती काढणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला; पुतण्याने तिथे तक्रार नोंदवून ठेवली होती. पलीकडच्या मुलीने विचारलं, "आपला कॉम्प्युटर आता बंद होतोय ना मॅडम?"

"होतोय."

"मग तक्रार मिटली असं लिहू?"

"नाही लिहायचं. माझं ऐकून घ्या आधी. पूर्वी मशीनने उत्तर दिलं नाही तर कॉम्प्युटर जरा थांबून आपला आपण बंद व्हायचा. आता होत नाही. ते कोणीतरी बदललं. मुद्दाम बसून, विचार करून बदललं असणार."

"मॅडम, त्याची माहिती आमच्याकडे नसते. मी वरच्यांना कळवते."

"कळवा. पण नीट कळवा. माझं काम झालंय, मला दुरुस्ती नकोय." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे सहाही डोकी टकटकत होती, त्यामुळे त्यांना ओरडूनच विचारावं लागलं. "ज्यांनी हे बदललं, त्यांनी बदलायच्या आधी माझ्यासारख्या एखाद्या कारखान्यात येऊन, तुम्ही संध्याकाळी काय आधी बंद करता आणि का करता, असं एकाला तरी विचारलं होतं का?"